पहिल्या सत्रातील कलेचे तास

दरवर्षी जुलैच्या पालकसभेत वेळापत्रक वाचून दाखविले जाते. गणित, इंग्रजी, विज्ञान यांच्या तासांवर पालक समाधानाने माना हलवितात. चित्रकलेचे दोन तास, संगीताचा एक, शनिवारी दुपारी नाट्य आणि हस्तकला, असे वाचू लागलो की मागच्या रांगेतून कोणीतरी उठतो. "सर, पोराला आम्ही शिकायला ठेवलंय. नाचगाण्याला नव्हं." सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य आम्ही इतक्या तोंडून ऐकले आहे की, त्याचा आता राग येत नाही. आरंभी येत असे. पालकांना कलेची जाण नाही, असा नवशिक्या मास्तरचा समज तेव्हा आमचाही होता. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने तरी असे समजायला नको होते.

कारण हा प्रश्न अडाणीपणातून येत नाही, तो अनुभवातून येतो. गावगाड्यात कला हे आपल्या माणसांचे काम होते आणि ते नाकारता येत नव्हते. लग्नाची वरात, देवीची पालखी, मयत, दवंडी, जेथे वाद्य वाजायचे तेथे ते कोणी वाजवायचे, हे जातीने ठरलेले होते. मोबदल्यात शिळी भाकरी, उरलेले धान्य आणि वरून शिव्या. तमाशाच्या फडावर ज्यांच्या गळ्याने आणि पायांनी महाराष्ट्र रिझला, त्यांत महार-मांग समाजाच्या कलावंतांचा वाटा मोठा. फड उठल्यावर त्यांचे स्थान मात्र गावकुसाबाहेरच. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला मदत देऊ केली, तेव्हा पवळेला नाचवून मिळालेला पैसा आम्हांस नको, असे सांगून बाबासाहेबांनी ती नाकारल्याची हकिकत चळवळीत आजही सांगितली जाते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक त्यांनी मांडले, त्यामागेही हाच विचार होता. जे काम माणसाला सोडता येत नाही, ते काम म्हणजे गुलामी. मग ते सरकारी निरोप पोहोचविण्याचे असो वा ढोल बडविण्याचे.

म्हणून कलेच्या तासाचे समर्थन करताना 'कलेने मन प्रसन्न होते' एवढे सांगून भागत नाही. तेच वाद्य शाळेत आले म्हणजे वेगळे कसे होते, हे आम्हांला सांगता आले पाहिजे. एकदा ते सांगता आले नाही, ती गोष्ट येथे नोंदवितो.

दहा-एक वर्षे झाली असतील. शेजारच्या गावातील एका उत्तम हलगीवादकाला आम्ही शनिवारच्या तासाला बोलाविले. पहिल्याच दिवशी त्याने आठवीतील दोन मुले निवडली. "ह्यांच्या हाताला लवकर येईल, घरातलंच हाय," असे तो म्हणाला आणि आम्हीही कौतुकाने मान डोलाविली. पुढच्या आठवड्यात त्यांपैकी एकाचे वडील फाटकाशी येऊन उभे राहिले. आत या म्हटले तरी आले नाहीत. "सर, माझ्या बापानं जन्मभर हलगी वाजवली. भाकर वरून टाकायचे पदरात. बाप मेला त्या साली मी ती हलगी चुलीत घातली. आन् तुम्ही पुन्हा माझ्या पोराच्या गळ्यात अडकवली?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. चूक हलगी आणण्यात नव्हती. 'घरातलंच हाय' या शब्दांत होती, आणि ती चूक आम्ही मान डोलावून पदरात घेतली होती.

त्यानंतर शिक्षकांच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या, त्या आजही पाळल्या जातात. कोणतेही वाद्य कोणत्याही मुलाला घराण्यावरून वा जातीवरून दिले जाणार नाही. सत्रातील पहिले सहा शनिवार प्रत्येक मूल प्रत्येक वाद्य हाताळेल, त्यानंतर स्वतः निवडेल किंवा काहीच निवडणार नाही. दुसरे, कोणत्याही विद्यार्थ्याला गावातील लग्न, मिरवणूक वा उत्सवासाठी वाजवायला पाठविले जाणार नाही. तिसरे, पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलांना वाद्ये घेऊन उभे केले जाणार नाही. हा तिसरा ठराव अनेकांना कडक वाटतो. पण त्याआधी एका मान्यवरांची वाट पाहत लेझीम पथकातील मुली दोन तास उन्हात ताटकळल्या होत्या आणि तो कार्यक्रम आम्हीच आखलेला होता. हलगीची ती जोडी अजून शाळेत आहे. गतवर्षी ती सर्वांत चांगली वाजविणारी एक मुलगी होती. ज्याच्या वडिलांनी आम्हांला जाब विचारला, तो मुलगा पुढे हलगीकडे फिरकला नाही; कबड्डीत मात्र जिल्ह्यापर्यंत गेला.

मग वाद्याचे करायचे काय, हा प्रश्न चळवळीने पूर्वीच सोडविलेला आहे. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसा उभा केला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगावी नेले. ढोलकी तीच, रात्रीची वेळ तीच, समोर बसलेली माणसेही तीच. पण देवादिकांच्या स्तवनाच्या जागी समाजाची कैफियत आली आणि शृंगाराच्या जागी शिक्षण, सावकारी, अस्पृश्यता असे विषय आले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळ जलशाने पोहोचविली. वामनदादा कर्डक तर मोठेपणी अक्षरे गिरवून वाचायला शिकले आणि पुढे त्यांची गाणी घरोघरी गेली. आमच्या संगीताच्या तासाला मुले आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेली गाणी लिहून आणतात. जे गळ्यात होते ते वहीत येते. घरी वृद्ध माणसे असतील तर सुटीत मुलांनी त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे, एवढी विनंती पालकांना येथेच करून ठेवतो. काही गाणी त्या माणसांबरोबरच जाणार आहेत.

स्वतः बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकत होते, हे मुलांना सांगितले की ती चकित होतात. ग्रंथ आणि घटना यांपलीकडे त्यांनी बाबासाहेब पाहिलेले नसतात. तसेच शाहू महाराजांचे. २६ जूनच्या जयंतीला वसतिगृहांविषयी सर्वच वक्ते बोलतात: १९०१ चे मराठा बोर्डिंग, १९०८ चे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह. पण अल्लादिया खाँसाहेब याच राजाच्या पदरी होते आणि १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे राहिले तेही त्याच्याच आश्रयाने, याचा उल्लेख क्वचितच होतो. मुलांच्या जेवणा-राहण्याची सोय करणाऱ्या राजाला रंगभूमी ही चैन वाटली नाही.

नाटकाविषयी थोडक्यात. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी त्याचे प्रयोग केले. दलित रंगभूमीचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. आमची मजल एकांकिकेपर्यंतच. १४ ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी नववीचे विद्यार्थी इतिहासातील एक प्रसंग निवडतात आणि संवाद स्वतः लिहितात. चवदार तळ्याचा प्रसंग बसविताना एका मुलाने विचारले, "सर, बाबासाहेबांनी पाणी प्यायलं तेव्हा मार्च होता. तळ्यात पाणी किती असेल?" २० मार्च १९२७ ही तारीख आम्ही वीस वर्षे फळ्यावर लिहीत होतो, पण तो उन्हाळा होता हे कधी मनात आले नव्हते.

चित्रकलेचा तास मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा पहिल्या सत्राच्या उत्तरार्धात येतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, हे कळल्यावर पालकांचा विरोध बराच मावळतो. आम्हांला ते थोडे टोचते. पण गुणांचे महत्त्व आम्हीच मुलांना शिकविले आहे, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करावी? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन असे एलिमेंटरीचे भाग. वस्तुचित्रात मुले लवकर तयार होतात. समोर बादली, तांब्या ठेवला की डोळा आणि हात यांची सांगड बसते. अक्षरलेखनाचा उपयोगही प्रत्यक्ष. फलक रंगवून पोट भरणारे आपले काही माजी विद्यार्थी आहेत. फ्लेक्स आल्यावर त्यांतील बऱ्याच जणांना धंदा बदलावा लागला, हेही खरे.

खरी अडचण स्मरणचित्राची. 'माझे घर', 'बाजार', 'सुगीचे दिवस' असा विषय दिला की पन्नासपैकी चाळीस मुले एकच चित्र काढतात: दोन डोंगर, मध्ये सूर्य, पायथ्याशी कौलारू बंगली, नागमोडी वाट आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी. आमच्या मुलांपैकी अनेकांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणून तर ती मुले निवासी शाळेत आहेत. अशा मुलाने डोंगरातली बंगली कोठे पाहिली? पाठ्यपुस्तकात आणि कॅलेंडरवर. चित्र म्हणजे काय काढायचे असते, हे दुसऱ्याने ठरवून दिलेले आहे आणि आपले घर त्यात बसत नाही, असे मूल न बोलता शिकलेले असते. हे काढून टाकायला अख्खे सत्र लागते.

या कामी आम्हांला अजिंठ्याचा फार उपयोग होतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. एके काळी या दिवसांत भिक्खू फिरणे थांबवून अशाच लेण्यांत राहत. पाऊस ओसरला की नववीची सहल एस.टी.ने तेथे जाते. फर्दापूरच्या फाट्यावर उतरून पुढच्या बसने लेण्यांपाशी पोहोचायचे, आणि वही-पेन्सिल हातात. नवव्या-दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुनी चित्रे आता पुसट आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर गर्दी असते. आम्ही मुलांना सतराव्या लेण्यात अधिक वेळ थांबवितो. तेथे जातककथा आहेत, आणि कथांबरोबर बाजार, स्वयंपाक, हत्ती, नोकर, भिकारी, रडणारी माणसे असा सारा संसार आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी डोळ्यांना दिसलेले काढले.

मुलांना त्याहून आवडते ती भिंतीची कृती. खडबडीत कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा द्यायचा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग. तांबडा आणि पिवळा गेरूमातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा, हिरवा हिरव्या मातीचा. निळा तेवढा परदेशचा, अफगाणिस्तानाकडून आलेल्या लाजवर्दाचा. हे ऐकून एक मुलगी पटकन म्हणाली, "मग आमचं सारवणच की!" परत आल्यावर मुलांनी फळीवर असा गिलावा करून पाहिला. पहिला दोन दिवसांत तडकला, कारण तूस कमी पडले होते. दुसरा टिकला आणि अजून ग्रंथालयात आहे. गिलने १८४४ पासून केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या आगीत गेल्या. त्यानंतर ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कला विद्यालयातील विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे नव्या प्रती करवून घेतल्या, त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ च्या आगीत जळाल्या. लेण्यांत उकिडवे बसून रेषा उतरविणारे विद्यार्थीच होते, हे सांगितले की आमची मुले जरा ताठ बसतात.

गेल्या सत्रात त्याच मुलीने स्मरणचित्राच्या सरावात ऊसतोडीच्या फडावरची कोपी काढली. पाचटाची, वर प्लास्टिकचा कागद, बाजूला बैलगाडी, चुलीपाशी लहान भाऊ. डोंगर नाही, सूर्यही नाही. आम्ही ते चित्र सत्रअखेरच्या प्रदर्शनात दाराजवळच लावले. दिवाळीच्या सुटीसाठी मुलीला न्यायला तिची आई आली होती. पंधरवड्यात टोळीबरोबर निघायचे होते. चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. आम्ही काही विचारण्याआधीच लेकीकडे वळून म्हणाली, "दार उंच काढलंस गं. कोपीत वाकून जावं लागतं." मुलीने चित्र खाली उतरवून घेतले, खोडरबर मागितला, आणि तेथेच जमिनीवर बसून दार ठेंगणे केले.