बाग कोणाच्या नावावर?

परदेशात घर घेताना : लेखांक ६

मागच्या लेखांकात पैसे कसे पाठवायचे ते पाहिलं. इथल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते, तो पुढे विवरणपत्रात वळता होतो. आता कागदाकडे वळू.

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेली पोरं आज कुठेकुठे पोचली आहेत. समजा, त्यातलाच एक म्युनिकला आहे आणि व्हिडिओ कॉलवर फ्लॅट दाखवतोय. तळमजला, दोन खोल्या, काचेचं दार सरकवलं की हिरवळीचा तुकडा, कडेनं कातरलेलं झुडपांचं कुंपण. चिखलीत बसलेली आई विचारते, "गोडलिंब जगन का रे तिथं?" वडील विचारतात, "ते अंगण आपल्या नावावर होईन का?"

आईला उत्तर सोपं आहे : कुंडीत लावा, थंडीत घरात घ्या. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कागद उघडल्याशिवाय देता येत नाही.

जर्मनीत जमिनीची नोंदवही असते, 'ग्रुंडबुख'. ती तलाठ्याकडे नसते, स्थानिक न्यायालयात असते. तिचे मुख्य भाग तीन : पहिल्यात मालक, दुसऱ्यात बोजे आणि निर्बंध, तिसऱ्यात गहाण. सातबारा वाचणाऱ्याला हे नवीन नाही. आपणही मालकाच्या नावावर न थांबता 'इतर अधिकार' या रकान्यापर्यंत जातो. फरक दोन. महाभूलेखवर कोणाचाही सातबारा पाहता येतो, तिथं मात्र रास्त कारण दाखवल्याशिवाय नोंदवही उघडत नाही. आणि आपल्याकडे खरेदीखत नोंदलं की मालकी येते, फेरफार मागून होतो. तिथं नोटरीपुढे सह्या झाल्या तरी नोंदवहीत नाव चढेपर्यंत तुम्ही मालक नाही.

आता बाग. फ्लॅटची इमारत ज्या जमिनीवर उभी, ती जमीन सगळ्या फ्लॅटधारकांची सामाईक. तुमच्या दारापुढची हिरवळही बहुतेक वेळा त्यातच येते. तुम्हाला मिळतो तो फक्त तुम्हीच ती वापरण्याचा हक्क. तो इमारतीच्या विभागणीच्या दस्तात लिहिलेला असतो, सोबत नकाशाही असतो. हिरवळ कापायची कोणी, झाडाचा खर्च कोणाचा, हेही तिथंच सापडतं. १ डिसेंबर २०२० पासून कायदा बदलला आणि मोकळी जागाही फ्लॅटच्या खासगी मालकीला जोडता येऊ लागली. पण जुन्या इमारतींत ही सोय आपोआप लागू झालेली नाही. जाहिरातीत दोन्हींना 'बागेसह फ्लॅट' असंच म्हणतात.

याचा फरक कुठं पडतो? नुसता वापराचा हक्क असेल तर बागेत खुर्च्या टाका, फुलझाडं लावा, कोणी अडवणार नाही. पण अवजारांसाठी पक्की लाकडी खोली उभारायची म्हटलं की सगळ्या फ्लॅटधारकांच्या बैठकीत ठराव लागतो. धुऱ्यावरून दोन पिढ्यांची भांडणं पाहिलेल्या माणसाला यातली गोम सांगायला नको.

मालकी असली तरी वापर मोकळा असतोच असं नाही, हे आपल्या सरकारनंही अनुभवलंय. लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनानं ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथं स्मारक-संग्रहालय केलं. पण स्थानिक कॅमडेन कौन्सिलच्या दृष्टीनं ती राहण्याची जागा होती. संग्रहालयाला परवानगी मिळायला मार्च २०२० उजाडलं, तीही थेट ब्रिटिश मंत्र्यांकडून.

म्हणून सहीआधी मुलाला तीन कागद मागायला सांगा : नोंदवहीचा उतारा, विभागणीचा दस्त नकाशासह, आणि फ्लॅटधारकांच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या बैठकांचे ठराव. नकाशात आपल्या फ्लॅटचा क्रमांक बागेच्या तुकड्यावर आहे का, हे बोट ठेवून बघायचं. नसेल, तर विकणारा तोंडी काय म्हणतो याला किंमत नाही.

पुढच्या आठवड्यात : नोटरी सगळा दस्त मोठ्यानं वाचून का दाखवतो, आणि खरेदीवरचा कर म्युनिकमध्ये ३.५ टक्के तर कोलोनमध्ये ६.५ टक्के कसा.