पशुपतिनाथाला निघालात? आधी घरातले कागद पाहा

सुगी आटोपली, धान्य घरात आले, की घरोघर यात्रेचा विषय निघतो. काशी झाली, प्रयाग झाले. आता एकदा पशुपतिनाथाचे दर्शन घडावे, असे आजी म्हणते. पण हे देऊळ काठमांडूत, बागमती नदीच्या काठी, म्हणजे परदेशात. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "पासपोर्ट, व्हिसा आपल्याच्याने व्हायचे नाही." दुसरा म्हणतो, "नेपाळला काही लागत नाही. आधार कार्ड घेतले की झाले." दोघांचेही चुकते.

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला. भारतीय माणसाला नेपाळात जाण्यास व्हिसा लागत नाही. पासपोर्टही असलाच पाहिजे असे नाही. पण आपण भारताचे नागरिक आहोत, हे दाखवावे लागते. त्यासाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, या दोहोंपैकी एक हवे. आधार कार्ड ओळख पटवते, नागरिकत्व नाही. म्हणून मोठ्या माणसाला नुसत्या आधारावर विमानात बसू देत नाहीत.

आता समजा, घरची सहा माणसे निघाली आहेत.

आजोबा ६८ वर्षांचे. ६५ वर्षांवरील माणसाला सवलत आहे. वय व ओळख पटेल असा फोटोचा कागद, म्हणजे आधार, पॅन कार्ड किंवा वाहन परवाना, त्यांना चालतो.

आजी ६३ वर्षांची. तिला ही सवलत नाही. तिचे मतदार ओळखपत्र हवेच. पुष्कळ घरांत नेमके इथेच अडते. आजोबांचे चालले म्हणून आजीचेही चालेल, असे धरून चालू नये.

मुलगा व सून. दोघांनाही मतदार ओळखपत्र हवे. सुनेचे कार्ड माहेरच्या नावाचे असेल, तर तिकीटही त्याच नावाने काढावे. तिकिटावर एक नाव व कार्डावर दुसरे, असे झाले की खोळंबा होतो.

नातू १६ वर्षांचा. १५ ते १८ वर्षांच्या मुलांना मतदार ओळखपत्र नसते. त्यांच्यासाठी ठरलेल्या नमुन्यात मुख्याध्यापकांचा दाखला घ्यावा. शाळेला सुटी लागण्यापूर्वीच तो मागावा.

नात ९ वर्षांची. १५ वर्षांखालील मुलांना आजोबांसारखीच सवलत आहे. तिचे आधार चालते.

पुष्कळ मंडळी रेल्वेने गोरखपूर गाठतात आणि तिथून सुनौलीच्या नाक्यावरून पायीच पलीकडे जातात. गर्दीत कोणी कागद विचारतही नाही. म्हणून गाफील राहू नये. पलीकडे मुक्कामाला किंवा परत येताना विचारणा झाली, तर कागद हाताशी हवा. भाड्याची गाडी नेणार असाल, तर नाक्यावरच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे त्यांच्या जकात खात्यात, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा परवाना काढावा लागतो.

पैशाचा हिशेब सोपा आहे. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० रुपये होतात. पाचशेच्या नोटांवर भिस्त न ठेवता शंभराच्या व त्याखालच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

मतदार ओळखपत्र हरवले असेल किंवा त्यावरचे नाव चुकले असेल, तर नमुना क्रमांक ८ भरून अर्ज करता येतो. गावचे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी त्यासाठी मदत करतात. मात्र नवे कार्ड हाती पडायला वेळ लागतो. तिकीट काढून मग कार्ड शोधण्यापेक्षा आधी कार्ड, मग तिकीट, हा क्रम बरा.

तेव्हा आज रात्री जेवणे उरकली की ट्रंक उघडा. प्रत्येकाचे कार्ड काढून नाव, वय आणि फोटो पाहा. पहिले कार्ड आजीचे पाहा. यात्रेची हौस तिची आहे. नाक्यावर थांबण्याची पाळी तिच्यावर येऊ नये.