हवाना सिगार : पानाची किंमत आणि नावाचे भांडण

विडीच्या धंद्यातील आमच्या बांधवांना वरचे पान आणि आतील तंबाखू यांतला फरक समजावून सांगावयास नको. सोलापूर-सिन्नरच्या विडीला बाहेरून तेंदूचे पान, आत निपाणीसारख्या भागातील तंबाखूचा चुरा. क्युबाच्या उंची सिगारमध्ये मात्र आत, मध्ये आणि बाहेर सर्वत्र तंबाखूचेच पान असते. कागद नाही आणि चुराही नाही. अशा एका सिगारला हजारो रुपये कसे मिळतात, हे व्यापाराच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. (धूम्रपानाची शिफारस करण्याचा आमचा हेतू नाही. सिगारनेही कर्करोग होतो.)

क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ हा प्रांत आहे. तेथील वुएल्ता आबाहो या पट्ट्यातील तांबूस जमीन जगात सर्वोत्तम मानली जाते. बाहेरच्या वेष्टनासाठी लागणारे रोप पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. ऊन चाळून येते, त्यामुळे पान पातळ, मऊ आणि एकरंगी होते. त्यावर एखादा डाग किंवा जाड शीर दिसली तरी ते वेष्टनातून बाद! आत भरावयाचे रोप उघड्या उन्हात वाढते. त्यातही वरची पाने कडक व सावकाश जळणारी, मधली सुवासिक, खालची सौम्य पण पटकन पेटणारी. तिघांचे प्रमाण जमले तरच चव जमते.

पाने खालून वर, एकेक करून हाताने खुडतात. मग लाकडी वखारीत काठ्यांवर टांगून वाळवतात, थप्प्या रचून आंबवतात. थप्पी आतून तापते, अमोनियाचा उग्रपणा निघून जातो. फार तापू दिली तर सगळा माल वाया, म्हणून पुन्हापुन्हा मोडून रचावी लागते. पुढे पाने महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षे मुरवतात. इतके दिवस भांडवल अडकून पडते, हा किमतीतला मोठा हिस्सा आहे.

वळणाऱ्या कारागिराजवळ हत्यार एकच, दांडी नसलेले चपटे पाते. बाकी सारे बोटांत. फार घट्ट वळली तर धूर ओढला जात नाही, सैल वळली तर सिगार भराभर जळते. या कारखान्यांत 1865 पासून एक सुंदर रिवाज आहे. कारागीर वळत असताना एक वाचक मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो. पूर्वी त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून देत असत.

1960 साली क्युबाच्या क्रांतिकारी सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. 1962 साली अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला. अनेक घराणी देश सोडून गेली. कारखाने आणि जमिनी मागे राहिल्या, हुन्नर मात्र त्यांच्याबरोबर गेला. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी 1964 साली मायामीत छोटा कारखाना काढला, 1970 साली काम निकाराग्वात नेले आणि जगात नाव कमावले. मूळचे क्युबाचे, पण फार पूर्वी फ्लोरिडात स्थायिक झालेले फुएन्ते घराणे 1980 साली डोमिनिकन रिपब्लिकमध्ये गेले. तेथे वेष्टनाचे उत्तम पान पिकणार नाही, असे जाणकार म्हणत. फुएन्तेंनी मांडव घालून ते पिकवले आणि 1995 साली त्या पानाची सिगार बाजारात आणली.

नावांचे मात्र त्रांगडे झाले. मालक एकीकडे, कारखाना दुसरीकडे! पार्तागास किंवा रोमिओ य हुलिएता हे नाव अमेरिकेत एका मालकाचे आणि इतर बहुतेक देशांत क्युबाचे. डब्यावर नाव तेच, आत पान निराळे. कोहिबा हे नाव तर क्युबाने क्रांतीनंतर, 1966 साली, स्वतः घडवले. तरी अमेरिकेत त्याची नोंदणी 1981 साली दुसऱ्याच कंपनीच्या नावे झाली. त्यावरून 1997 साली सुरू झालेला दावा दशकानुदशके चालला. क्युबा तिथे माल विकू शकत नव्हता, पण नाव सोडावयास तयार नव्हता.