पस्तीस हजारांचा प्रश्न

१२ डिसेंबर २००५, सोमवार. संसदेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. त्या दिवशी ‘आज तक’ वाहिनीवर छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं दिसू लागली. चित्र अंधुक, कोन तिरका, पण माणसं ओळखू येत होती. ते खासदार होते आणि पैसे घेत होते. कशासाठी? सभागृहात मंत्र्यांना प्रश्न विचारण्यासाठी.

एकूण अकरा नावं पुढे आली. दहा लोकसभेतली, एक राज्यसभेतलं. भाजपचे सहा, बसपाचे तीन, काँग्रेस आणि राष्ट्रीय जनता दलाचा एकेक. देश एवढा मोठा, लोकसभेच्या जागा ५४३. पण त्या अकरांत जळगाव जिल्ह्यातले दोघं निघाले. जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. त्या वेळी जिल्ह्यात लोकसभेच्या जागा दोनच होत्या, जळगाव आणि एरंडोल. दोन्ही जागांचे खासदार एकाच दुपारी एकाच यादीत आले. पाटील तर वाजपेयी सरकारात राज्यमंत्री राहिलेले. मंत्र्यांच्या बाकावरून प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे काय असतं, हे त्यांना जवळून माहीत होतं.

महाजनांनी घेतलेली रक्कम पुढे आली ती ३५ हजार रुपये, पाटलांची ४५ हजार. सगळ्यात कमी १५ हजार आणि सगळ्यात जास्त १ लाख १० हजार.

हा शोध लावला होता ‘कोब्रापोस्ट’चे अनिरुद्ध बहल आणि त्यांच्या सहकारी सुहासिनी राज यांनी. बहल हे ‘तहलका’च्या संस्थापकांपैकी एक. २००१ मध्ये संरक्षण खरेदीतली दलाली उघड करणाऱ्या मोहिमेत ते होते. या वेळी त्यांच्या मनात वेगळीच शंका होती. संसदेत प्रश्न विकत मिळतात, अशी कुजबूज दिल्लीत जुनीच होती. बोलत सगळे होते, पुरावा कोणाकडे नव्हता. या दोघांनी तो मिळवायचं ठरवलं आणि मोहिमेला नाव दिलं ‘ऑपरेशन दुर्योधन’. ज्या कौरवसभेत द्रौपदीचा प्रश्न अनुत्तरित राहिला, तिथला हा युवराज. सभागृह आणि प्रश्न यांची गोष्ट सांगायला याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

त्यांनी एक संघटना कागदावर उभी केली, ‘नॉर्थ इंडियन स्मॉल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन’. छोट्या उद्योजकांची म्हणून सांगितलेली ही संघटना प्रत्यक्षात कुठेच नव्हती. तिचे प्रतिनिधी म्हणून खोट्या नावांनी ते दलालांना भेटले, स्वीय सहायकांना भेटले आणि पायरी पायरीने खासदारांपर्यंत पोचले. जवळपास आठ महिने हे चाललं. ५६ चित्रफिती, ७० ध्वनिफिती, शेकडो फोन. त्या आठ महिन्यांत एखादा कॅमेरा दिसला असता, एखादं खोटं नाव उघडं पडलं असतं, तर सगळं तिथेच संपलं असतं. तसं झालं नाही. साठाहून अधिक प्रश्न सादर झाले आणि त्यांतले २५ सोडतीत निवडलेही गेले.

इथे जरा थांबावं लागेल, कारण प्रश्न म्हणजे नेमकं काय हे समजल्याशिवाय या शोधाची धार कळत नाही. लोकसभेच्या कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा. खासदार आपल्या सहीने आगाऊ सूचना देतो. सूचना ढिगाने येतात, म्हणून सोडत काढावी लागते. दिवसाला वीस तारांकित प्रश्न निवडले जातात. त्यांना मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. आणखी २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. प्रश्न एकदा निवडला गेला, की मंत्रालयात धावपळ उडते. कक्ष अधिकारी फाईल काढतो, खालच्या कार्यालयांकडून माहिती मागवली जाते, सचिव उत्तर तपासतात. मंत्र्याने जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं, तर विशेषाधिकारभंगाचा ठपका येऊ शकतो. ज्या माणसाला तलाठ्याकडून साधा उतारा मिळवायला चार खेटे घालावे लागतात, त्याच्या वतीने संपूर्ण मंत्रालयाला उत्तर द्यायला लावणारं हे हत्यार आहे. ते खासदाराच्या मालकीचं नाही. मतदाराने त्याच्या हाती विश्वासाने दिलेलं आहे.

आता या मोहिमेतला मला सर्वांत जिव्हारी लागलेला भाग. बहल हे कादंबरीकारही. त्यांनी तयार केलेल्या काही प्रश्नांत मुद्दाम सापळे होते. एका प्रश्नात रेल्वेने जर्मनीच्या ‘योसारियन’ इंजिनाची मागणी नोंदवली आहे का, अशी विचारणा होती. योसारियन हा जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’ कादंबरीचा नायक. त्या नावाचं इंजिन जगात कुठे धावत नाही. दुसऱ्या प्रश्नात हेमिंग्वेच्या कादंबरीवरची १९६२ मधली बंदी उठवली का, असं विचारलं होतं. आणि एक प्रश्न होता ‘सॅलिंजर’ नावाच्या कापसाच्या बियाण्याच्या चाचण्यांना परवानगी दिली का, असा. सॅलिंजर हे अमेरिकन कादंबरीकाराचं नाव. असा कापूस नाही, असं बियाणं नाही.

सही करणाऱ्याने प्रश्न एकदा नुसता वाचला असता, तरी त्याला थांबावंसं वाटलं असतं.

तो कापसाचा प्रश्न नेमका कोणाच्या सहीने गेला, हा माझा मुद्दा नाही. माझ्या डोळ्यांपुढे २००५ मधला खानदेश येतो. जामनेर, धरणगाव, चोपडा, शिरपूर, शिंदखेडा या सगळ्या पट्ट्याचं वर्ष कापसावर तोललेलं. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली होती आणि ते बियाणं आणणारी महिको कंपनी जालन्याची. २००५ च्या हंगामात ४५० ग्रॅमच्या एका बॅगेला सोळाशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते. त्या किमतीचा मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या स्वामित्वशुल्काचा होता. ही किंमत कोणी ठरवली? स्वामित्वशुल्कावर सरकारचं नियंत्रण आहे का? कोरडवाहू जमिनीत हे वाण टिकतं का? नकली बियाण्याला बळी पडलेल्या शेतकऱ्याला भरपाई कोण देणार? असे खरे, तातडीचे, केंद्रीय कृषिमंत्र्यांना विचारायचे कितीतरी प्रश्न होते. शेवटी लढलं ते आंध्र प्रदेश सरकार. २००६ च्या सुरुवातीला त्याने मक्तेदारी आयोगाचं दार ठोठावलं, बियाण्याच्या बॅगेची किंमत ७५० रुपयांवर आली आणि त्याचा लाभ इतर राज्यांतल्या शेतकऱ्यांनाही मिळाला. किंमत निम्म्यावर येऊ शकत होती, म्हणजेच प्रश्नात बळ होतं. आणि त्याच सुमारास संसदेच्या सोडतीत अस्तित्वात नसलेल्या कापसाचा प्रश्न फिरत होता.

सोडतीत जागा मोजक्याच. विकलेला एक प्रश्न आत गेला, की कोणाचा तरी खरा प्रश्न बाहेर राहतो. पैसे घेतले हा गुन्हा आहेच. पण दुसऱ्याची पाळी खाल्ली, हा मला त्याहून मोठा वाटतो.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांनी त्याच दिवशी संबंधित सदस्यांना निर्णय होईपर्यंत सभागृहात न येण्यास सांगितलं. पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली पाच सदस्यांची समिती नेमली गेली. सदस्यांनी चित्रफितींच्या खरेपणावर आक्षेप घेतले. समितीला ते पटले नाहीत. समितीतले भाजपचे विजयकुमार मल्होत्रा यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. २३ डिसेंबरला सभागृह नेते प्रणव मुखर्जी यांनी हकालपट्टीचा ठराव मांडला. ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार कठोर आहे, असं म्हणत लालकृष्ण अडवाणींसह भाजपचे सदस्य सभात्याग करून गेले. ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. राज्यसभेनेही त्याच दिवशी आपल्या सदस्याला काढलं. गौप्यस्फोटापासून हकालपट्टीपर्यंत अकरा दिवस लागले. इतक्या तडफेने संसद स्वतःच्या सदस्यांविरुद्ध क्वचितच वागली आहे.

अशा प्रकरणाची पहिली नोंदही महाराष्ट्राशीच जोडलेली आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी सराफांच्या ‘बॉम्बे बुलियन असोसिएशन’कडून लाभ घेऊन तिच्या बाजूने प्रश्न विचारल्याचं उघड झालं. चौकशी समितीचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला होता. मुद्गल यांनी ठराव मंजूर होण्याआधी राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीलाच पात्र होते, असं सभागृहाने नोंदवून ठेवलं.

अकरांपैकी काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जानेवारी २००७ रोजी सरन्यायाधीश वाय. के. सभरवाल यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने संसदेचा अधिकार मान्य केला. न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांचं मत वेगळं होतं. सदस्यत्व कधी जातं हे राज्यघटनेने सांगितलेलं आहे, त्यात असा मार्ग नाही, असं त्यांनी लिहिलं. हा विचार हलका नाही. बहुमताच्या हाती असं शस्त्र द्यावं का, हा प्रश्न आजही उभा आहे. तरीही त्या प्रकरणात हकालपट्टी योग्यच होती, असं माझं मत आहे.

दिल्ली पोलिसांनी बहल आणि राज यांनाही आरोपी केलं होतं. लाच दिली म्हणून. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. भ्रष्टाचार उघड करण्यासाठी केलेली अशी कृती नागरिकाच्या मूलभूत कर्तव्याशी सुसंगत आहे, असं न्यायमूर्ती शिवनारायण धिंग्रा यांनी म्हटलं. माजी खासदारांवर आरोप निश्चित व्हायला मात्र २०१७ उजाडलं.

या गोष्टीचं एक पान दिल्लीत कोणी वाचत नाही. ते पिंप्राळ्यातच वाचता येतं.

आषाढीच्या रथोत्सवासाठी ओळखलं जाणारं हे गाव आता जळगाव शहराचा भाग आहे. इथे ‘पिंप्राळा हुडको’ नावाची वस्ती आहे. हुडको म्हणजे घरबांधणी आणि नगरविकासाला कर्ज देणारी केंद्र सरकारची कंपनी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव नगरपालिकेने गरिबांसाठी ११ हजार ४२४ घरकुलांची योजना आखली, हुडकोचं कर्ज काढलं आणि ठेका ‘खानदेश बिल्डर्स’ला दिला. पूर्ण झालेली घरं दीड हजारांच्या आसपास. महापालिका झाल्यावर आयुक्त म्हणून आलेल्या प्रवीण गेडाम यांनी फायली उघडल्या. जमीन बिनशेती झालेली नसताना बांधकाम, ठेकेदाराला आगाऊ बिनव्याजी पैसे, अशा गोष्टी त्यांत होत्या. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी सुमारे २९ कोटींच्या अपहाराची फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यांत राज्यात मंत्री राहिलेले सुरेश जैन आणि गुलाबराव देवकरही होते. त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलं झाली.

आता तारखा जवळ ठेवून पाहा. २३ डिसेंबर २००५ ला जिल्ह्याचे दोन्ही खासदार गेले. सहा आठवड्यांत घरकुलाची फिर्याद झाली. हुडको केंद्राची, म्हणून लोकसभेत केंद्रीय मंत्र्याला विचारता येईल असा सरळ प्रश्न होता : अकरा हजार घरांसाठी कर्ज देताना जमिनीचे कागद कोणी तपासले? पैसे सोडताना कामाची पाहणी कोणी केली? पिंप्राळ्यातल्या घराची वाट पाहणाऱ्या माणसासाठी तो विचारायला जळगावचा खासदार नव्हता आणि एरंडोलचाही नव्हता. पोटनिवडणुका २००७ मध्ये झाल्या. जळगावातून भाजपचे हरिभाऊ जावळे आणि एरंडोलमधून राष्ट्रवादीचे वसंतराव मोरे निवडून आले. मधला वर्षाहून अधिक काळ दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. हुडकोचं कर्ज मात्र थांबलं नाही. पुढे कित्येक वर्षं ते महापालिकेच्या मानगुटीवर बसून राहिलं आणि रस्ते-गटारींचे पैसे खात राहिलं.

हकालपट्टीची शिक्षा खासदारांना झाली. रिकाम्या खुर्चीची शिक्षा मतदारांनी भोगली, आणि त्यांनी तर काहीच विकलं नव्हतं.

सभागृहात कोणी काय विचारलं आणि मंत्र्याने काय उत्तर दिलं, हे सगळं छापून ठेवलेलं असतं. ते गुपित नाही. तुमचा खासदार, तुमचा आमदार पुढच्या वेळी गावात आला, की सत्काराचा हार गळ्यात पडण्याआधी त्याला एवढंच विचारा : गेल्या अधिवेशनात आमच्यासाठी कोणता प्रश्न विचारलात, आणि मंत्री काय म्हणाले?