मॅग्नेशियमची गोळी: निर्धोक, पण कुणाला?

पायात गोळे येतात, झोप लागत नाही म्हटलं की हल्ली कुणीही मॅग्नेशियमची गोळी सुचवतं. वर 'जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं' असा दिलासा. तो अर्धाच खरा आहे. जास्तीचं मॅग्नेशियम किडन्या बाहेर टाकतात, पण त्या धड असतील तरच. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, तर किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही. अशा शरीरात मॅग्नेशियम साठतं. आधी मळमळ आणि मरगळ येते, मग रक्तदाब उतरतो, स्नायू ढिले पडतात. फारच वाढलं तर श्वासावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर बेततं. गरोदरपणातले झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, तेव्हा गुडघ्यावर हातोडी मारून बघणं, श्वास मोजणं, लघवी किती होते ते पाहणं चालू असतं ते याचसाठी. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटही तयार ठेवतात.

'नाचणी-तिळातही तेच असतं की!' असतं, आणि निरोगी माणसाला ते बाधत नाही. गोळीचा हिशेब वेगळा. पूरक गोळ्या आणि औषधं मिळून प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा अमेरिकेत 350 मिलिग्रॅम, युरोपात 250 आहे. ओलांडली की पहिल्यांदा जुलाब होतात. मिल्क ऑफ मॅग्नेशिया पोट साफ करतं ते याच गुणावर. ॲसिडिटीच्या अनेक औषधांतही मॅग्नेशियम असतं, ते या बेरजेत धरायला लोक हमखास विसरतात.

'साधी गोळी, कशाबरोबरही चालते' हेही खोटं. थायरॉइडच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्याबरोबर घेतली तर ती अँटिबायोटिक्स नीट शोषली जात नाहीत.

आणि मुळात पायातल्या गोळ्यांवर ही गोळी किती चालते? उतारवयात रात्री येणाऱ्या पायाच्या गोळ्यांवर तिचा फारसा उपयोग होत नसावा, असाच निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात आहे. काहींना मात्र ती खरोखर लागते: ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांत मॅग्नेशियम घटू शकतं. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

साठी उलटली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर बाटली उघडण्याआधी किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या.