आधी हवा बघा, मग पंप

सकाळी ८:३०. हैदराबाद रोडवर मार्केट यार्डातला भाजीचा लिलाव उरकला, की रिकाम्या पिकअप गॅरेजकडे वळतात. मे महिन्यात इंजिनाची कामं दुपारच्या आत संपवावी लागतात, नंतर लोखंडाला हात लावणं मुश्कील. आज पहिली आली ती मंद्रूपकडची जुनी टाटा २०७. मालक उतरता उतरताच म्हणाले, "पंपच गेलाय की वो मिस्त्री. सकाळी लवकर चालू होईना, अन् चढाला बंद पडतीय."

कुणीतरी त्यांना पंप खोलायला सांगितलं होतं. मी पंपाला हात लावतो तो सगळ्यात शेवटी. पंप उतरवला की तो टेस्ट बेंचवर जाणार, खर्च वाढणार, गाडी उभी राहणार आणि तोडलेली भाजी रानातच सुकणार. या जुन्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला, की तो पेट घेतो. तेव्हा हवा, डिझेल आणि कॉम्प्रेशन, यांतलं काय कमी पडतंय ते हुडकायचं.

९:००. आधी धूर. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा असेल तर ऑइल जळतंय. इथे बराच वेळ सेल्फ मारल्यावर थोडा पांढरा आला आणि लगेच निवळला. ऑइलचं झाकण काढून पाहिलं, खालून वाफा मारत नव्हत्या. मग इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरा ढिला केला. दर वेळी इंजिन अडखळलं, म्हणजे चारही सिलिंडर कामाला आहेत. ढिला केल्यावरही आवाज बदलला नसता, तर तोच सिलिंडर आजारी.

१०:००. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी काढून तिथे हातभर पारदर्शक नळी जोडली. पोऱ्याला म्हटलं, आता नीट बघ. डिझेल पिवळसर, स्वच्छ वाहत होतं. रेस वाढवली तसे त्यात मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले, मग त्यांची माळच लागली. तीच नळी डिझेलच्या कॅनमध्ये सोडली, तर बुडबुडे गायब. दोष टाकी आणि फिल्टरच्या मध्ये.

इथेच भले भले चकतात. या बाजूला डिझेल ओढलं जातं, त्यामुळे फट पडली तरी बाहेर फारसं गळत नाही, उलट हवा आत शिरते. जमीन कोरडी, म्हणून संशय पंपावर. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. चढाला डिझेल जास्त लागतं, तेव्हा हवाही जास्त ओढली जाते.

११:३०. क्लिपेजवळ रबरी नळी वाकवली तेव्हा केसाएवढी चीर उघडली. सरळ असताना ती दिसतही नव्हती. नवी नळी, नवी क्लिप आणि तांब्याचे नवे वॉशर टाकले. जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा भरवशाचा राहत नाही. हातपंप मारून एअर काढली, आधी फेस आला, मग अखंड धार.

दुपारी भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन तासभर पाठ टेकली.

४:००. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे वाहणारी पिकअप, तक्रार गरम होण्याची. रेडिएटरच्या जाळीत सुताचा भुसा आणि धूळ गच्च बसली होती. इंजिनाच्या बाजूने हवा मारून काढली. गाडी निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे ड्रायव्हरला दोनदा बजावलं.

७:००. मंद्रूपचे मालक सिमेंटची पोती भरून दारात आले. चढाला एकदाही बंद पडली नाही, म्हणाले आणि पैसे पुढे केले. मी घेतले नाहीत. रात्रभर उभी राहू द्या, सकाळी थंड इंजिनावर पहिल्याच सेल्फला चालू झाली तर फोन करा, पैसे मग.