‘फेटल’ म्हणजे विधिलिखित?

उरणजवळच्या द्रोणागिरीचे नाव काढले की रामायणातली संजीवनी आठवते. आता तिथे सिडकोची वसाहत वाढते आहे आणि जवळच्या बंदराकडे कंटेनरची रीघ असते. त्यामुळे ‘फेटल ॲक्सिडेंट’ हा शब्दही कानावर पडतो. आपण त्याचा अर्थ ‘प्राणघातक’ असा घेतो. मूळ अर्थ मात्र वेगळा आहे.

लॅटिन भाषेत ‘फाटुम’ म्हणजे देवाने उच्चारलेले, म्हणून अटळ. आपल्याकडे सटवाई बाळाच्या कपाळी लिहिते, तसेच. इंग्रजीत ‘फेटल’ आधी ‘विधिलिखित’ या अर्थाने आला. ‘मृत्यू आणणारा’ हा अर्थ नंतर चिकटला. ‘लीथल’ची कुळी निराळी. लॅटिन ‘लेटुम’ म्हणजे मृत्यू. पुढे ग्रीक पुराणातल्या ‘लीथी’ या विस्मरणाच्या नदीशी त्याचे नाते जोडले गेले आणि स्पेलिंगमध्ये ‘एच’ शिरला.

वैद्यकात ‘मॉर्टॅलिटी’ म्हणजे साऱ्या लोकसंख्येतील मृत्यूंचे प्रमाण, तर ‘केस फेटॅलिटी’ म्हणजे आजारी पडलेल्यांपैकी किती दगावले ते. विंचू चावलेल्या १०० जणांपैकी ३० दगावले, तर केस फेटॅलिटी ३० टक्के. पण हा आकडा विधिलिखित असतो का?

उत्तर रायगड जिल्ह्यातच मिळाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत. त्यात मुले बरीच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदय थकते. रक्तदाबावरचे ‘प्राझोसिन’ हे औषध नेमके तिथे काम करते. १९८६ साली त्यांचा हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे मृत्यूचे प्रमाण जवळपास १ टक्क्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचू तोच, विषही तेच. बदलले ते उपचार आणि रुग्ण दवाखान्यात पोचण्याची वेळ. म्हणून विंचू चावल्यावर मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. जखम कापू नये, चोखू नये. मुलाला घाम सुटला, उलट्या होऊ लागल्या, तर तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ‘फेटल’ शब्दात नशीब दडलेले असेल; केस फेटॅलिटी मात्र माणसाला खाली आणता येते.